जिभेवरचा ‘तुका’

अनंत चतुर्दशीची सकाळ उजाडली की पुणेकराचे कान त्याच्या डोळ्यांच्या आधी जागे होतात. मंडईत लोकमान्यांच्या पुतळ्यापाशी आरती होते, मानाचा पहिला कसबा गणपती पालखीत विराजमान होऊन मार्गस्थ होतो, आणि त्यामागून तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग व केसरीवाडा असा वर्षानुवर्षांचा क्रम लागतो. या मिरवणुकीतील नगाऱ्याविषयी, सनईविषयी, ढोल-ताशांच्या पथकांविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु पालखीपुढे आणि रथापुढे लाल-निळ्या गणवेशात पावले टाकीत जाणारा जो ब्रास बँड, त्यातील ट्रंपेटवाल्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. प्रभात, दरबार, न्यू गंधर्व ही ताफ्यांची नावे पुणेकरांच्या ओठांवर आहेत; पण त्या नावांमागे ज्यांचे ओठ झिजतात, त्या वादकांच्या साधनेची चौकशी आपण कधी केलेली नसते. आजच्या मंगलदिनी ती थोडीशी करावी, असा आमचा मानस आहे.

या चौकशीस कारण घडले ते एका तुकड्याचे. काही वर्षांपूर्वी लक्ष्मी रस्त्यावर गर्दीत उभे असताना एका बँडने ओळखीची भक्तिगीताची चाल वाजविली, आणि अंतऱ्यापूर्वी एका ट्रंपेटमधून स्वरांची अशी सर सुटली की फोडणीत मोहरी तडतडावी तसा एकेक स्वर सुटा, टणक आणि नेमका कानी आला. शाळेत असताना आम्ही बिगूल फुंकलेला होता. त्यामुळे एवढे ठाऊक होते की पितळी वाद्यात प्रत्येक स्वर सुटा करावयाचा तर जिभेने वाऱ्याला आडवे जावे लागते. मग एका सेकंदात दहा-बारा वेळा ही जीभ आडवी जाते कशी? हा प्रश्न मनात राहिला, आणि गेल्या वर्षी आषाढात, लग्नसराई आटोपून ताफ्यांना जरा उसंत मिळते त्या दिवसांत, आम्ही तो घेऊन एका बँडमास्तरांच्या दारी गेलो. विचारण्यासाठी गेलो होतो; परंतु मास्तरांनी एक जुना ट्रंपेट हातात दिला आणि म्हणाले, “साहेब, हे सांगून कळायचं नाही. बसा.” अशा रीतीने, केस पिकल्यावर, आमची शिकवणी सुरू झाली.

जागा म्हणजे पेठेतील एका जुन्या वाड्यामागची लांबट खोली. भिंतीला खुंट्यांवर गणवेश टांगलेले, कोपऱ्यात युफोनियम आणि बेस पालथे ठेवलेले, आणि मधल्या सतरंजीवर चार-पाच जण. मास्तरांनी सत्तरी ओलांडलेली आहे. पुढचे वरचे दात गेल्यापासून त्यांना स्वतःला वाजविता येत नाही. याचे कारण बाहेरच्यास सहसा ठाऊक नसते. ट्रंपेटचा स्वर पितळेतून निघत नाही. तो दोन ओठांच्या थरथरण्यातून निघतो, आणि त्या ओठांना मागून आधार असतो तो समोरच्या दातांचा. दात गेले की ओठांना टेकण्यास जागा उरत नाही. कवळीने जेवता येते, पण पूर्वीसारखा नाद काढणे फार थोड्यांना साधते. ज्या माणसाने उभे आयुष्य फुंकण्यात घातले, त्याच्या हाती अखेरीस शिकविणे तेवढे राहते. मास्तर ते तोंडाने बोल म्हणून शिकवितात.

पहिला धडा एकेरी जिभेचा. ओठ मुखवट्यावर ठेवून ‘तु’ म्हणावयाचे. जिभेचे टोक वरच्या दातांच्या मुळाशी टेकते, वारा अडतो, जीभ हटते, स्वर सुटतो. ‘तु तु तु तु’ असे सावकाश म्हणणे कोणासही जमते. लय वाढली की खरी गोष्ट कळते. मिनिटाला साठ मात्रा आणि मात्रेत चार स्वर, म्हणजे सेकंदाला चार, हे सुखाचे होते. शंभराच्या पुढे जीभ जड होऊ लागली. एकशेवीसच्या आसपास, म्हणजे सेकंदाला आठ स्वर झाले की बहुतेकांची जीभ थकते, चार मात्रांनंतर लोळागोळा होते आणि स्वर एकमेकांवर पडू लागतात. हा आळस नव्हे. एकाच स्नायूला पुढे-मागे करण्याची ती मर्यादा होय.

या मर्यादेवर उपाय म्हणजे दुहेरी जीभ. जिभेचे टोक ‘तु’ करून परत येत असतानाच तिच्या मागच्या भागाने टाळूला टेकून ‘कु’ करावयाचे. टोक पुढे काम करीत असता पाठ विसावते, पाठ काम करीत असता टोक विसावते. जिभेच्या एकाच हेलकाव्यात दोन स्वर पदरी पडतात. सनई, क्लॅरिनेट किंवा सॅक्सोफोन या वाद्यांत पत्ती तोंडात असते, त्यामुळे जिभेला हा खेळ अवघड जातो. ट्रंपेटचा मुखवटा ओठांबाहेर राहतो, आतली जीभ मोकळी राहते. म्हणून पितळी वाद्यांना ही विद्या विशेष मानवली.

आम्ही इंग्रजी पुस्तकात वाचलेले स्मरून ‘टु-कु’ असे म्हणू लागलो, तोच मास्तरांनी हात वर केला. “‘ट’ नको. ‘ट’ म्हटलं की जीभ मागं वळते. तिला सरळ करून परत आणण्यातच लय जाते. ‘त’ म्हणा. आपला ‘त’.” क्षणभर आम्ही स्तब्ध झालो. इंग्रजी अक्षर दिसले की त्यास ‘ट’ करण्याची आपल्याला इतकी सवय आहे की त्या अक्षराचा उच्चार आपल्या मूर्धन्य ‘ट’चा नाही आणि दंत्य ‘त’चाही नाही, हे ध्यानी येत नाही. आणि ज्या फ्रेंच ग्रंथातून ही अक्षरे जगभर गेली, त्या फ्रेंच भाषेतील तो वर्ण तर आपल्या ‘त’च्याच जवळचा, दातांशी उच्चारला जाणारा आहे. इंग्रजी ग्रंथाच्या वाटेने आम्ही चुकीच्या अक्षरावर पोहोचलो होतो. शाळा अर्धवट सोडलेल्या मास्तरांनी जिभेच्या अनुभवाने आम्हास नेमक्या अक्षरावर आणले. ‘थ’ आणि ‘ख’ हेही वर्ज्य, कारण महाप्राण उच्चारात वारा वाया जातो आणि मिरवणुकीत आठ-आठ तास चालणाऱ्याला वाऱ्याची उधळपट्टी परवडत नाही.

पुढे मास्तर म्हणाले, “‘तु-कु’ जमत नसेल तर ‘तुका’ म्हणा. तुका, तुका, तुका, तुका. देहू काही लांब नाही.” सतरंजीवरची मुले हसली, आम्हीही हसलो, पण घरी परतताना ते तोंडातून जाईना. ज्या नावाची मुद्रा वारकऱ्यांच्या जिभेवर शतकानुशतके आहे, ते नाव नेमके त्याच दोन वर्णांचे आहे: एक दातांशी, एक कंठाशी. लहानपणी गुरुजींनी वर्णमाला शिकविताना कवर्ग कंठ्य, तवर्ग दंत्य असे पाठ करून घेतले होते, तेव्हा ते परीक्षेपुरते वाटले होते. मुखातील उच्चारस्थाने ज्यांनी इतक्या सूक्ष्मतेने लावली, त्यांच्या वारसांना ही विद्या परकी वाटण्याचे कारण नाही.

किंबहुना दोन स्थानांमध्ये काम वाटून देऊन गती साधावी, हे तत्त्व आपल्या संगीतात सर्वत्र आहे. सतारीत मिजराब आत ‘दा’ आणि बाहेर ‘रा’ असा आलटून-पालटून आघात करते, म्हणून द्रुत लय शक्य होते. तबल्यावर ‘तिरकिट’ हा बोल एकाच बोटाने द्रुत लयीत कोणी काढू म्हणेल तर निघणार नाही. तो बोटांत वाटलेला आहे. दाक्षिणात्य तालवाद्यांच्या बोलांत तर ‘तक’ हीच मूळ जोडी. ट्रंपेटवाला तोच ‘तक’ तोंडात घालून फुंकतो, एवढेच.

युरोपातही ही युक्ती पितळेआधी लाकडाच्या वाद्यांत रुजली. व्हेनिस येथे 1535 साली गानास्सी याने बासरीच्या जातीच्या रेकॉर्डर या वाद्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात ‘ते-के’ अशा अक्षरजोड्या दिलेल्या आहेत. पितळी वाद्यांना एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पडदे, म्हणजे दाबावयाच्या कळा, बसल्या आणि सर्व स्वर सुलभ झाले. तेव्हा बासरीवाल्यांची चपळाई आपल्यालाही हवी, अशी कॉर्नेटवाल्यांना ओढ लागली. लियाँ येथे 1825 साली जन्मलेला झाँ-बाप्तिस्त आर्बाँ हा त्यांतील अग्रणी. त्याने 1864 साली प्रसिद्ध केलेली कॉर्नेटची संपूर्ण शिक्षणपद्धती आजही जगभरचे ट्रंपेटवादक पोथीप्रमाणे वापरतात. तिच्यात दुहेरी जिभेचे ‘तु-कु’ आणि तिहेरी जिभेचे ‘तु-तु-कु’ यांचे पानेच्या पाने धडे आहेत.

आपल्याकडे ही पितळी वाद्ये आली ती लष्करी छावण्यांतून आणि गोव्याच्या चर्चमधून. पुण्यास लष्कर भाग आणि खडकी असल्यामुळे कवायतीच्या बँडचा नाद शहराच्या कानी पूर्वीपासून होता. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलेखन वाचावयास शिकवीत, आणि तेथून निघालेले वादक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत पोहोचले. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, ज्यांस जग ‘चिक चॉकलेट’ या नावाने ओळखते, ते त्यांतील नामांकित ट्रंपेटवादक. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातील पुणतांब्यास जन्मलेल्या सी. रामचंद्रांनी 1951 च्या ‘अलबेला’साठी जे संगीत रचले, त्यात त्यांचा सहभाग होता. मास्तरांच्या पिढीस आर्बाँची पोथी कुठून मिळणार? त्यांनी तबकड्यांतील असे तुकडे पुन्हा पुन्हा ऐकून आपापल्या जिभेवर उतरवून घेतले. मास्तरांना दुहेरी जीभ तिशीच्या पुढे समजली, ती लष्करी बँडमधून निवृत्त झालेल्या एका वृद्ध वादकाकडून. “तोवर मी नुसता दामटायचो. लोकांना वाटायचं वाजतंय,” असे ते प्रांजळपणे सांगतात.

आमच्याबरोबर त्या सतरंजीवर एकोणीस-वीस वर्षांचा एक तरुण बसत असे. दिवसा महाविद्यालय, सायंकाळी दुचाकीवरून घरोघरी सामान पोहोचविण्याचे काम, आणि रात्री नऊनंतर ट्रंपेट. ताफ्यातील पहिल्या ट्रंपेटची जागा रिकामी होती. 2020 आणि 2021 या दोन वर्षी महामारीमुळे विसर्जन मिरवणूकच निघाली नाही. मानाच्या गणपतींचे विसर्जनही मांडवातच झाले. लग्ने मोजक्या माणसांत उरकली. फुंकून वाजविण्याच्या वाद्यांकडे तर लोक भयानेच पाहत. त्या काळात ताफ्यातील एक उत्तम वादक पहारेकऱ्याच्या नोकरीस लागला, तो परतला नाही. त्याच्या मागे ती रिकामी जागा आणि तो अंतऱ्यापूर्वीचा तुकडा उरला. तुकडा ज्याला येईल, जागा त्याची, असा मास्तरांचा साधा न्याय.

तरुणाची एकेरी जीभ चांगली होती, आणि हीच त्याची अडचण ठरली. एकशेसोळापर्यंत तो एकेरीवर निभावून नेई. पुढे जीभ अडे आणि तिथून दुहेरीवर उडी मारू जाता तुकडा विस्कटे. मास्तरांनी त्याचा रोग ओळखला. दुहेरी जीभ ही केवळ जलद लयीसाठी आहे, असे समजून तो ती सावकाश कधी घोकतच नसे. “जिना चढायचा तर दोन्ही पाय पायरीवरच लागतात,” मास्तर म्हणाले आणि त्यांनी त्याला पार खाली, साठ मात्रांवर आणले. एवढेच नव्हे, तर पंधरा दिवस ‘तु’ बंद! नुसता ‘कु’. कारण दोहोंत ‘कु’ दुबळा असतो: तो ओठांपासून दूर, मागे घडतो आणि ओठांपर्यंत येईतो त्याची धार बोथट होते. तो एकटाच घोकून ‘तु’च्या तोडीस आणल्यावाचून जोडी समान चालत नाही, बैलजोडीत एक बैल अधू असला की गाडी वाकडी जाते, तसे ते आहे. मग पंधरवडाभर त्या खोलीतून ‘कु कु कु कु’ असा घोष उठे. वाड्यातील पोरे खिडकीशी येऊन आषाढात कोकीळ आला म्हणून टाळ्या पिटीत, आणि आम्ही दोघे, एक विशीचा व एक साठीचा, मान खाली घालून ‘कु’ करीत असू.

त्यानंतर उलटी जोडी, ‘कु-तु’. त्यानंतर जोर ‘कु’वर देऊन ‘तु-कु’. मग एकच स्वर धरून, त्यानंतर कळा दाबीत सप्तकाच्या चढ-उतारावर. येथे नवाच पेच उभा राहतो: जीभ आणि बोटे एकाच क्षणी पडली पाहिजेत. जीभ पुढे गेली तर स्वर चिरकतो, बोटे पुढे गेली तर दोन स्वरांमध्ये घाण येते. आणि या साऱ्या काळात पोटातून येणारा वारा अखंड राहिला पाहिजे. नळाची धार चालू ठेवून तिच्यात बोट आत-बाहेर करावे, तसे जिभेचे काम. बोटापायी नळ बंद करावयाचा नाही. नवशिका नेमके तेच करतो. आम्हीही तेच करीत राहिलो, आणि अखेरपर्यंत नव्वदच्या पुढे गेलो नाही, हे येथे कबूल करणे बरे.

या विद्येची एक सोय अशी की ती वाद्यावाचूनही घोकता येते. तरुणाने आम्हास सांगितले, सिग्नलला उभे असताना शिरस्त्राणाच्या आत त्याची जीभ चालू असे. तुका, तुका, तुका. कोणास ऐकू जात नाही, कोणाचे काही बिघडत नाही. मात्र श्रावणात एके रात्री तो आला आणि वाद्य न काढता बसून राहिला. सणासुदीत रात्रीच्या फेऱ्यांना अधिक पैसे मिळत होते, घरून आईचा तगादा होता, आणि त्याच्या मित्रांनी त्याला विचारले होते की भिंतीएवढ्या ध्वनिवर्धकांपुढे तुझा ‘कु’ ऐकणार कोण? मास्तरांनी उपदेश केला नाही. ते एवढेच म्हणाले, “तो प्रश्न चतुर्दशीनंतर विचार. आज एकशेवीस कर.” त्या रात्री एकशेवीस झाले नाही. चार दिवसांनी झाले, आणि कोणाच्याही ध्यानात न येता झाले. एकेरी कुठे संपली आणि दुहेरी कुठे सुरू झाली, तो सांधा त्यालाही उमगला नाही.

गेल्या वर्षीची चतुर्दशी. शिवाजी रस्त्याने येणारा ताफा बेलबाग चौकात लक्ष्मी रस्त्याला वळला तेव्हा पावसाची भुरभुर सुरू होती. ओला मुखवटा ओठांवरून निसटतो. वादक तो बाहीला पुशीत होते. मास्तर एका बंद दुकानाच्या पायरीवर छत्री मिटून बसले होते, आम्ही त्यांच्याजवळ उभे. मागून ढोलांचा गजर जवळ येत होता. ताफा समोर आला, चाल मुखड्यावरून सरकली, आणि अंतऱ्यापूर्वी पहिला ट्रंपेट सुटला. आम्ही कान टवकारून एकेक स्वर मोजू पाहत होतो. कोणता ‘तु’ आणि कोणता ‘कु’ हे ओळखावे, दीड महिना ज्याच्याशी झुंजलो त्या दुबळ्या अक्षराला या गर्दीत हात करावा, अशी इच्छा होती. आम्हास तो सापडला नाही. मोहरी तडतडली, सारख्या दाण्यांनी, आणि अंतरा सुरू झाला. पालखीकडे पाहणाऱ्या लोकांनी मागे वळूनही पाहिले नाही.

“‘कु’ ऐकू आला?” मास्तरांनी विचारले.

आम्ही म्हणालो, “नाही, मास्तर.”

“मग झालं,” ते म्हणाले. “ऐकू आला असता तर कच्चा होता.”

कोणीतरी शिकते, जीभ दुखेपर्यंत घोकते, ते अशासाठी की त्याचे शिकणे कोणास दिसू नये. गणरायापुढे आपण नेहमी जे दाखविण्याजोगे असते ते मांडतो. आरास, रोषणाई, उंच मूर्ती. त्या साऱ्यात ही एक न दिसणारी, न ऐकू येणारी अक्षरसेवाही असते. विद्यापतीला ती पोहोचत असावी, असे आम्हास वाटते.

तरुणाने नोकरी सोडली नाही आणि ट्रंपेटही सोडला नाही. नवरात्राच्या तालमीस तो रात्री साडेनऊला आला, शिरस्त्राण खुंटीला अडकवून सतरंजीवर बसला. राहिलेला प्रश्न त्याने विचारला नाही, आणि मास्तरांनीही त्याची आठवण करून दिली नाही. दोघांनी तिहेरी जीभ काढली: तु-तु-कु.

आज मिरवणुकीत एखादा बँड आपल्यासमोरून जाईल, वाचकहो, तेव्हा क्षणभर ट्रंपेटवाल्याच्या गळ्याकडे पाहावे. ओठ स्थिर असतील, गाल घट्ट असतील, आणि हनुवटीखाली त्वचा किंचित थरथरत असेल. आत जीभ चालू आहे, एवढीच ती खूण.